फाल्गुनातला ब्लेझर

माणसानं अंगावर काय घालावं हा संस्कृतीपुढचा सर्वांत जुना आणि सर्वांत गंभीर प्रश्न आहे. भाषा नंतर आली, लिपी त्याच्याही नंतर, आणि परिपत्रकं तर अगदी अलीकडे. हा विचार मला दर वर्षी फाल्गुनात, सकाळी साडेआठच्या सुमारास सुचतो. त्या वेळी मी कपाटाचं दार उघडं टाकून उभी असते. एका हातात इस्त्री न केलेला कुर्ता असतो, दुसऱ्या हातात चहाचा कप. संस्कृतीचा प्रश्न साधारण नऊपर्यंत सुटतो. सोडवावाच लागतो, कारण त्यानंतर कोल्हापूरच्या राजारामपुरीत ऑफिसपाशी गाडी लावायला जागा मिळत नाही.

मी कसबा बावड्यातून निघते तेव्हा हवेत गारवा असतो. ऊस तुटून गेलेल्या रानांवरून वारा येतो, त्याला पाचटाचा वास असतो, आणि गाडीवर हात थंड पडतात. अंगात काहीतरी जाड असावं असं वाटतं. दुपारी एक वाजता त्याच हातांनी मी ऑफिसातल्या फायलीनं वारा घेत असते आणि अंगात काहीच नसावं असं वाटतं. संध्याकाळी परत येताना पुन्हा बरं वाटतं. एका दिवसात तीन ऋतू, आणि कपडा एकच. मासिकांत वसंतातल्या पेहरावाबद्दल लेख येतात, त्यांत थरावर थर चढवायला सांगितलेलं असतं. लिहिणाऱ्यांचा वसंत बर्फ वितळल्यावर येत असावा. आमचा वसंत डांबर वितळायच्या जरा आधी येतो आणि त्यात पहिलाच थर जास्त होतो. जुन्या संस्कृत कवींकडून काही मदत होईल म्हणून तिकडेही पाहिलं. त्यांच्या नायिका वसंतात फार सुंदर दिसतात, पण त्यांच्यातल्या एकीलाही दहा ते सहा ऑफिस नव्हतं.

तेव्हा माझं शहाणपण माझं मीच गोळा केलं आहे. सुती घ्यावं, आणि ते दोन-चार धुण्यांनी मऊ झाल्यावर ऑफिसला घालावं. नवा कपडा आधी घरात वापरून त्याची मस्ती उतरवावी. बाही कोपरापर्यंत, म्हणजे टेबलाला हात चिकटत नाही. रंग फिका, पण इतका नव्हे की शाईचा ठिपका दिवसभर आपल्याऐवजी बोलत राहील. आणि खिसा. खिशासाठी मी आमच्या टेलरशी अनेक वर्षं भांडले.

"म्याडम, बायकांच्या ड्रेसला खिसा बरा दिसत न्हाई. फुगतोय."

"फुगू दे."

"ठेवणार काय त्यात?"

"हात."

शेवटी त्यानं खिसा शिवला, पण उजवीकडेच. दोन खिसे म्हणजे फारच झालं, असं त्याचं मत असावं. डाव्या खिशासाठी आणखी दोन उन्हाळे गेले.

मला विचाराल तर दहा वाजल्यानंतर ज्याची आठवण होत नाही तो कपडा चांगला. आरशासमोर तो छान दिसलाच पाहिजे, त्याबद्दल माझी तडजोड नाही. पण एकदा माणूस कामाला बसला की कपड्यानं गप्प बसावं. हे मला ज्या फाल्गुनात कळलं, त्या फाल्गुनात माझ्या अंगावर ब्लेझर होता, आणि तो दिवसभर बोलत होता.

आमचं ऑफिस म्हणजे एका शिक्षण संस्थेची मुख्य कचेरी. पाच-सहा शाळा, एक ज्युनिअर कॉलेज आणि या सगळ्यांचे कागद आमच्याकडे. त्या वर्षी संस्थेला नवे कार्यकारी संचालक आले. वय पस्तिशीचं, शिक्षण बाहेरचं, स्वभाव उत्साही. वाईट माणूस नव्हे. रोज सकाळी सगळ्यांना हसून नमस्कार करायचे, फक्त त्या हसण्यानंतर एक कल्पना यायची. डिसेंबरात त्यांना कल्पना आली की कचेरीला 'कॉर्पोरेट लुक' पाहिजे. डिसेंबरात कोल्हापूरला बऱ्यापैकी थंडी असते. मापं घेणारा माणूस कापडाचा नमुना घेऊन आला, आम्ही सगळ्यांनी त्या कापडावर हात फिरवला आणि सगळ्यांना ते उबदार वाटलं. एकानंही तोंड उघडलं नाही. थंडीच्या दिवसांत मान्य केलेल्या गोष्टी मार्चमध्ये अंगावर येतात, हे एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांपैकी एकालाही सुचू नये, याचं मला आजही नवल वाटतं.

ब्लेझर आले फेब्रुवारीच्या शेवटी. नखशिखांत पॉलिएस्टर, आतून अस्तर, छातीवर संस्थेचं बोधचिन्ह. त्यात पुस्तक, समई आणि उगवता सूर्य. त्या तिन्हींत उष्णता देणाऱ्या दोन वस्तू आहेत, हे मी तेव्हाच मोजलं. संचालकांच्या म्हणण्याप्रमाणे रंग 'वाईन' होता. आमचे शिपाई तानाजीमामा यांनी एक ब्लेझर उलगडून खिडकीजवळ नेला, उजेडात पाहिला आणि निकाल दिला.

"आमसुली हाय की."

त्यानंतर वाईन हा शब्द ऑफिसात कुणी उच्चारला नाही.

परिपत्रक निघालं. एक मार्चपासून कामकाजाच्या प्रत्येक दिवशी विहित पोशाख अनिवार्य. अपवाद नाही. पालन न करणाऱ्याच्या सेवापुस्तकात शेरा. वातानुकूलन यंत्र अख्ख्या कचेरीत एकच, ते संचालकांच्या केबिनमध्ये. मीही ब्लेझर घातला. हे सरळ सांगून टाकते, कारण पुढे मी बरीच शूर वाटण्याचा धोका आहे. सगळ्यांनी घातला. साडीवर घातला, पंजाबी ड्रेसवर घातला. पहिल्याच दुपारी माझ्या मणक्यावरून घामाचा एक थेंब निघाला आणि कमरेपर्यंत अत्यंत शिस्तीत गेला. एकूण कॉर्पोरेट हालचाल म्हणायची ती तेवढीच.

घातला नाही तो फक्त शोभाताईंनी.

शोभाताई कांबळे आमच्या मुख्य लिपिक. आस्थापनेचं टेबल त्यांचं, म्हणजे नेमणुका, रजा, नोटिसा आणि सगळ्यांची सेवापुस्तकं त्यांच्या कपाटात. चौतीस वर्षं नोकरी. एकतीस मार्चला निवृत्ती. उंचीनं बेताच्या, आवाजानं नव्हे. त्यांच्या साड्या सुती, काठ बारीक, खळ इतकी नेटकी की त्या टेबलाशी बसल्या म्हणजे निऱ्यांचा आवाज यायचा. आठवड्यात एक साडी दोनदा दिसली नाही, आणि तरी एकूण साड्या किती असतील असा प्रश्न पडायचा नाही, कारण प्रत्येक साडी ठरवून घेतलेली दिसायची. मी नोकरीला लागले तेव्हा नीट कपडे म्हणजे काय हे त्यांच्याकडे बघून शिकले. त्यांनी शिकवलं नाही. मी चोरून शिकले.

त्यांच्या कपाटातल्या सेवापुस्तकांमध्ये त्यांचं स्वतःचं पुस्तक सगळ्यांत वर असायचं, तपकिरी कागदाचं कव्हर घातलेलं. दुसऱ्या बायका नातवंडांचे फोटो दाखवतात तसं त्यांनी ते मला एकदा उघडून दाखवलं होतं. चौतीस वर्षांत एक शेरा नाही. "लाल शाई लागलेली न्हाई," त्या म्हणाल्या होत्या, आणि पान मिटताना त्यावरून तळहात फिरवला होता.

मापं घ्यायला माणूस आला त्या दिवशी त्या रजेवर होत्या, म्हणून त्यांचा ब्लेझर अंदाजानं शिवलेला आला, दोन मापं मोठा. एक मार्चला त्यांनी तो उघडला, खुर्चीच्या पाठीला घातला, बटणं लावली, आणि कामाला बसल्या.

संचालक फेरीवर आले.

"मॅडम, ब्लेझर?"

"घातलाय की, सर." शोभाताईंनी खुर्चीकडे बोट केलं.

"तुम्ही नाही घातलात."

"मी साडी नेसलीय."

"साडीवरच घालायचाय. सगळ्या लेडीज घालताहेत, बघा ना. आणि मॅडम, संस्थेनं दिलाय. टोटली फ्री."

आतापर्यंत शोभाताई गमतीत होत्या असं मला वाटत होतं. त्या 'फ्री'नंतर त्यांचा चेहरा बदलला.

"म्हणूनच न्हाई घालत, सर," त्या म्हणाल्या.

डबा खाताना मी त्यांना समजवायला गेले. महिनाभराचा प्रश्न आहे, घाला आणि मोकळ्या व्हा, चौतीस वर्षांच्या पुस्तकाला शेवटच्या पानावर डाग कशाला, असं सगळं शहाणं बोलले. बोलताना मला घाम येत होता, कारण ब्लेझर माझ्या अंगातच होता. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि सांगायला लागल्या. आवाज नेहमीपेक्षा हळू होता.

"आमचं गाव मलकापूरच्या बाजूला. आई लोकांच्या रानात जायची. सणाच्या तोंडावर घराघरातनं उतरलेलं लुगडं मिळायचं. मिळायचं म्हंजे अंगणात टाकायचे. हातात न्हाई. पुढं आमच्या लोकांनी धम्म घेतला, आणि आईनं ते उचलायचं बंद केलं. घरात लुगडं एकच. ओढ्यावर जायची, निम्मं नेसायची, निम्मं धुऊन वाळवायची. मग ते निम्मं नेसून हे निम्मं. वरीसभर असं. मग मलकापूरच्या बाजारातनं पहिलं नवं लुगडं घेतलं. निळ्या काठाचं. ते नेसून घरी न्हाई आली ती. आधी अख्ख्या गावातनं एक चक्कर मारली, मग घरी आली."

"मग?"

"मग काय. मला सांगून ठेवलेलं. शिक, नोकरी कर, काय बी कर, पण अंगावरचं आपलं आपण निवडायचं. कुणी दिलंय म्हणून घालायचं न्हाई. आता तू म्हणतीस, महिन्याचा प्रश्न हाय. तिनं वरीस काढलं गं."

माझा पुढचा सल्ला मी गिळून टाकला. तोंडात घास होता हे एक कारण. दुसरं कारण असं की, आमच्या घरीही पाडव्याआधी कपाटं आवरली जायची. जुनी लुगडी, विरलेली धोतरं यांचं एक गाठोडं बांधून सोप्यात ठेवलेलं असायचं. "द्यायचंय," असं आई म्हणायची. कुणाला द्यायचंय आणि कसं, हे मी कधी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गाठोडं नसायचं, आणि आमच्या घरात आपण फार दानशूर असल्याची हवा दोन दिवस टिकायची. त्या गाठोड्याला दुसरी बाजू असते, तिकडे एक अंगण असतं, हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, पावट्याची उसळ खाताना कळलं. दिलेल्या वस्तूचं वजन देणाऱ्याला कधीच कळत नाही. संचालक तर उलट खर्च करून दुखावले गेले होते.

त्याच आठवड्यात एक म्हातारे गृहस्थ नातीचा शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला आले. डोक्याला पटका, हातात पिशवी. दारात उभे राहून त्यांनी आत पाहिलं. एका रंगाच्या कोटातली अठरा माणसं. त्यांनी चपला काढल्या, पायरीच्या कडेला नीट जोडून ठेवल्या आणि बाहेरच बसले. पंधरा-वीस मिनिटांनी तानाजीमामांचं लक्ष गेलं.

"पावणं, आत या की. भाईर का बसलाय?"

"न्हाई, साहेब लोकांची मीटिंग चाललीया न्हवं. होऊ दे."

"कसली मीटिंग? रोज असंच असतंय हितं."

"एवढं कोट घालून?" म्हाताऱ्यानं आवाज खाली आणून विचारलं. "कुणी वारलंय काय?"

तानाजीमामा अठ्ठावन्न वर्षांचे, त्यांच्याही अंगात आमसुली ब्लेझर. त्यांनी स्वतःकडे खाली वाकून पाहिलं. शोभाताई उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, "बाबा, चपला घाला आणि आत या. हितं कुणी साहेब न्हाई." म्हातारा आला तो थेट त्यांच्या टेबलाशी. आमच्याकडे त्यानं पाहिलंही नाही. संपूर्ण कचेरीत त्याला ओळखीचा वाटला असा एकच कपडा होता, आणि तो त्यांच्या अंगावर होता. गरिबासारखा म्हणून नव्हे. उलट, त्या खोलीत सगळ्यांत देखणा तोच होता. फक्त तो त्यांचा होता.

त्या दिवसानंतर आम्हाला बंड करावंसं वाटायला लागलं. बंडाची इच्छा आणि नोकरीची गरज एकाच वेळी असली म्हणजे माणूस कल्पक होतो. आणि रंगपंचमी जवळ आली होती.

आमच्याकडे धुळवडीपेक्षा रंगपंचमी मोठी. आमच्या कचेरीला त्या दिवशी सुट्टी नसते, कारण परीक्षांचे दिवस असतात. तेव्हा सगळे कामाला येतात, पण 'रंगपंचमीचा' कपडा घालून येतात. हा कपडा म्हणजे कोल्हापुरातल्या प्रत्येक घरातली संस्था आहे. वर्षभरात एखादा सदरा उसवला, एखाद्या कुर्त्यावर डाग पडला, की घरातलं कुणीतरी म्हणतं, "ऱ्हाऊ दे, रंगपंचमीला व्हईल." तेवढं म्हटलं की त्या कपड्याचा निकाल लागतो. त्यानंतर त्याला इस्त्री होत नाही. तो कपाटाच्या तळाशी दिवस मोजत पडतो आणि फाल्गुन वद्य पंचमीला शेवटचं बाहेर जातो. परत येतो तो फरशी पुसायला.

संचालकांचं सगळं शिक्षण बाहेर झालेलं, त्यांना हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. आदल्या दिवशी कुणीतरी विचारलं, "सर, उद्या ब्लेझर नको ना?" ते परिपत्रकाकडे बोट दाखवून म्हणाले, "अपवाद नाही."

संध्याकाळी चहाच्या टपरीवर तानाजीमामांनी या वाक्याचा शांतपणे विचार केला.

"अपवाद न्हाई म्हटलंय न्हवं? मग घालूया की," ते म्हणाले. "न्हाई तरी रंगपंचमीला काय तरी घालायचंच असतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अठरा जण ब्लेझर घालून राजारामपुरीच्या गल्ल्यांतून ऑफिसला आलो. एरवी रंगपंचमीला रंग चुकवायला जो तो गाडी हळूच बोळातून काढायचा. त्या दिवशी आम्ही मुद्दाम मोठ्या चौकातून, हळूहळू, छाती काढून आलो. कोल्हापूरच्या माणसाला रंगपंचमीच्या दिवशी कोट घातलेला माणूस दिसणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. लोक कामधंदे टाकून धावले. एकानं मला थांबवून आधी विचारलं, "म्याडम, खरंच टाकू?" मी म्हटलं, "परिपत्रक आहे. टाका." हिरवा, गुलाबी, निळा, आणि एक कसला तरी चंदेरी, जो छापखान्यातून आणलेला असावा. बोधचिन्हावरचा सूर्य मावळला. समई विझली. कचेरीत पोचलो तेव्हा आम्ही एकमेकांना आवाजावरून ओळखत होतो आणि हसत होतो, आणि बोटं इतकी रंगली होती की अंगठा उमटवायच्या यंत्रानं एकालाही ओळखलं नाही. आयुष्यात मी केलेला तो एकमेव सत्याग्रह, आणि तो मी पूर्णपणे नियमात राहून केला.

शोभाताई त्या दिवशी नवी साडी नेसून आल्या. मोतिया रंग, निळे काठ. अख्खं शहर जुनं घालून फिरत असताना त्या घडी मोडलेली कोरी साडी नेसून चालत आल्या, आणि त्यांच्या अंगावर रंगाचा एक थेंब नव्हता. तानाजीमामांनी चिमूटभर गुलाल घेतला आणि परवानगी मागावी तसे उभे राहिले. त्यांनी कपाळ पुढं केलं. "साडीला लागला तर बघा," म्हणाल्या.

संचालक दहा पंचवीसला आले. दारात थांबले. आम्ही सगळे उभे राहिलो, विहित पोशाखात. बोलण्यासारखं त्यांच्या परिपत्रकात काही नव्हतं. दुपारी आदेश निघाला की, सर्व ब्लेझर संस्थेच्या खर्चानं धुलाईला पाठवावेत. आणि दुसरा आदेश निघाला, शोभाताईंच्या नावे. कारणे दाखवा नोटीस.

आता नोटीस काढायचं टेबल त्यांचंच. त्यांनी स्वतःच्या नावाची नोटीस टाइप केली, सही घेऊन आल्या, जावक नोंदवहीत क्रमांक टाकला, तानाजीमामांच्या हातात दिली, आणि तानाजीमामांनी दोन पावलं चालून ती त्यांनाच दिली. त्यांनी पोच म्हणून सही केली. हे सगळं त्यांनी जराही न हसता केलं. कार्यपद्धती म्हणजे कार्यपद्धती. मग चष्मा पुसून उत्तर लिहायला बसल्या. मला वाटलं, दोन पानं होतील. आईचं लुगडं येईल, ओढा येईल. माझ्यासारखीनं लिहिलं असतं तर आलं असतं, वर एखादं अवतरणही आलं असतं. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं.

'कारण : माझ्याकडे स्वतःचे कपडे आहेत.'

संचालकांनी ते वाचलं आणि खुलासा असमाधानकारक, शेरा नोंदवावा, असं त्यावर लिहिलं. मला वाटतं त्यांना तोवर पश्चात्ताप झाला असावा, पण परिपत्रक काढणाऱ्या माणसाला मागे वळायला जागा फार कमी असते. कागद खाली आला. मी शोभाताईंच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले.

"मी लिहू का?" मी विचारलं. "तुमच्याच हातानं नको."

"तुझं अक्षर बरं न्हाई," त्या म्हणाल्या.

त्यांनी तपकिरी कव्हरचं पुस्तक काढलं. शेवटचं पान. लाल शाईचं पेन त्यांच्या ड्रॉवरमध्ये होतं. दुसऱ्यांच्या पुस्तकांत त्यांनी ते किती वेळा वापरलं असेल. पट्टी ठेवली, समास आखला, आणि त्या सुंदर गोल अक्षरात, एकही खाडाखोड न करता लिहिलं : 'विहित पोशाख परिधान केला नाही.' खाली तारीख. मग पुस्तक दोन्ही हातांनी धरून केबिनमध्ये गेल्या आणि सही घेऊन आल्या. शाई वाळेपर्यंत पान उघडं ठेवलं. त्यांचा चेहरा मी चोरून पाहत होते. मला वाईट वाटून घ्यायचं होतं, माझी तयारी होती. पण त्या ते पान असं बघत होत्या, जणू चौतीस वर्षांनी कुणीतरी त्यांच्याबद्दल काहीतरी नेमकं लिहिलं होतं.

"आईला दाखवायला पायजे होतं," एवढंच म्हणाल्या.

एकतीस मार्चला निरोप समारंभ झाला. ब्लेझर सकाळीच धुलाईहून आले होते. आम्ही गठ्ठे सोडले आणि एकेक कोट उजेडात धरून पाहिला. अठराच्या अठरा ब्लेझर नव्यासारखे होते. एका बाहीवर एक ठिपका नाही. पॉलिएस्टरला रंगपंचमीचा रंग चढत नाही, हे टेलरनं नंतर सांगितलं. रंग चढला होता तो आम्हाला. माझ्या कानामागे अजून हिरवं होतं, आणि तानाजीमामांचे पांढरे केस पुढे कितीतरी दिवस गुलाबी होते. त्या दिवशीच्या फोटोत स्वच्छ कोटांवर रंगीबेरंगी कान असलेली अठरा माणसं आहेत आणि मधोमध एक सुती साडी आहे.

भाषणं झाली. संचालक चांगलं बोलले. मग ते शाल आणि नारळ घेऊन पुढे आले. शाल लोकरीची. बाहेर ऊन असं, की खिडकीच्या गजाला हात लावला तर चटका बसावा. त्यांनी ती उलगडली आणि शोभाताईंच्या खांद्यावर घालायला हात उचलले.

"सर, नारळ द्या," शोभाताई म्हणाल्या. "चटणीला होईल. शाल ऱ्हाऊ दे."

संचालकांचे हात हवेतच राहिले. मग पहिल्यांदाच ते कल्पना न येता हसले, शाल घडी करून टेबलावर ठेवली आणि नारळ दिला. पायरीपर्यंत आम्ही सोबत गेलो. "येतो गं," त्या मला म्हणाल्या आणि माझ्या ब्लेझरची कॉलर दोन बोटांनी उचलून बघितली, भाजीवाल्याकडची शिळी मेथी बघावी तशी. मग पायऱ्या उतरून गेल्या.

एक एप्रिलला त्यांचं टेबल माझ्याकडे आलं. मी ब्लेझर घरी ठेवून, मऊ झालेला फिका निळा कुर्ता घालून गेले, उजव्या खिशात हात घालून. पहिलं काम म्हणून माझं सेवापुस्तक काढलं आणि लाल शाईनं, वाईट अक्षरात, तीच ओळ लिहिली. केबिनमध्ये नेऊन सही मागितली. दुसऱ्या दिवशी ब्लेझर घरी ठेवून आलेल्या आणखी दोघांची पुस्तकं नेली. त्याच्या पुढच्या दिवशी तानाजीमामांचं. आठवडा संपता संपता संचालकांनी पेन खाली ठेवलं.

"हे रोजच चालणार का, मॅडम?"

"उन्हाळा आहे तोवर, सर."

ते काही वर्षं राहिले आणि मग आणखी मोठ्या ठिकाणी गेले. परिपत्रक रद्द झालेलं नाही, ते आजही लागू आहे. आमच्या कचेरीत प्रत्येकाच्या सेवापुस्तकात ती लाल ओळ आहे. इतक्या नियमानं आहे, की मागच्या महिन्यात रुजू झालेल्या नव्या लिपिकानं सगळे कागद भरून झाल्यावर मला नम्रपणे विचारलं, "मॅडम, ते पोशाखाचं कधी लिहायचं असतं? आज की प्रोबेशन संपल्यावर?" त्याला वाटलं, ती ओळ नोकरीच्या अटींचाच भाग आहे. मी म्हटलं, आजच लिहू.

फाल्गुन लागला की शोभाताईंचा फोन येतो. तब्येत वगैरे विचारत नाहीत. "आज काय घातलंयस?" असं विचारतात. मी सांगते : कापड, रंग, खिसे किती. त्या ऐकतात, एखादी चूक काढतात आणि फोन ठेवतात. या वर्षीही आला. मी कपाटासमोर उभी होते, हातात इस्त्री न केलेला कुर्ता होता, आणि वाटलं की, एवढ्या जुन्या आणि गंभीर प्रश्नाचं उत्तर एका बाईनं एका ओळीत दिलं आणि ते आमच्या दप्तरात आवक क्रमांकासह जपून ठेवलेलं आहे.

माझा ब्लेझर अजून नवाच आहे. टाकवत नाही, आणि कुणाला द्यायचा तर प्रश्नच येत नाही. धूळ बसू नये म्हणून मी तो घरातल्या इन्व्हर्टरला घातला आहे. खांद्यात थोडा सैल होतो.